पॉलिशचा दुसरा हात

आमच्या बाबांचं नाक आता फक्त चष्मा टेकवायच्या कामाचं उरलंय, असं आई म्हणायची. त्यांनी जन्मभर सुतारकाम केलं. लाकडाचा भुसा आणि पॉलिशचा उग्र वास घेऊन घेऊन पुढे पुढे त्यांना कशाचाच वास येईनासा झाला. दूध करपून पातेल्याचा कोळसा व्हायचा आणि हे शेजारी बसून निवांत पेन्सिल तासत असायचे. त्यामुळे आईच त्यांचं नाक झाली होती. काहीही पुढ्यात आलं की ते आधी तिच्यासमोर धरायचे आणि विचारायचे, "वास येतो का गं?" ती हुंगून "नाही येत, खा" म्हणाली की मग खायचे. पाहुण्यांना याची गंमत वाटायची. आम्हाला त्यात काही विशेष वाटत नसे.

आणि आईची छाती गेली होती. एकाचं नाक गेलेलं, दुसरीचा श्वास. दोघं मिळून एक धड माणूस होत होतं आणि त्याच्या जिवावर आमचं घर चाललं होतं. घरात मी धरून तिघं. दादा, माझा मोठा भाऊ, दूर समुद्रकाठच्या शहरात नोकरीला.

आईनं आयुष्यात सिगारेट हातात धरली नव्हती. ती शर्टांना काजं करायची. शिंपी गठ्ठे आणून टाकायचे आणि ती पुढच्या खोलीच्या खिडकीशी स्टूल ओढून उजेडात बसायची. खिडकी चौकावर उघडणारी. चौकापलीकडे वीजकेंद्राची धुराडी आणि तिकडे कोळसा नेणाऱ्या ट्रकांची रांग आमच्या खिडकीखाली, इंजिनं चालू ठेवून. सकाळी पुसलेल्या खिडकीच्या कट्ट्यावर दुपारी बोटानं नाव लिहिता यायचं. छातीच्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला आणि पहिलाच प्रश्न विचारला, की दिवसाला किती ओढता. आई त्यांच्यावर चांगली आठवडाभर रुसली. "मी नाही ओढली," ती घरी आल्यावर म्हणाली, "त्या ट्रकवाल्यांनी ओढली. धूर तेवढा माझ्याकडे सोडला."

मी लाँड्रीत कामाला आहे, इस्त्रीच्या टेबलावर. पांढऱ्या शर्टांच्या कॉलरला आतून काळी रेघ बसते, ती कितीही धुतली तरी जात नाही. गिऱ्हाइकं माझ्याशी भांडतात. मी म्हणते, हवेशी भांडा. मालक म्हणतो, तुझ्या जिभेला हाड नाही, एक दिवस माझं दुकान बुडवशील. आईही तेच म्हणायची. चौकात हवेचा आकडा दाखवणारा मोठा विजेचा बोर्ड लावला होता, तो थंडीत कायम लाल असायचा. मग तो बंद पडला. खालचा सायकलवाला म्हणाला, चला, एक त्रास कमी झाला. तेव्हा मी त्याला जे बोलले त्यावरून तो महिनाभर माझ्याशी बोलत नव्हता.

त्या वर्षी थंडी सुरू झाली तशी आईला आडवं पडता येईना. उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायची. न्हाणीघरापर्यंत जाऊन आली की पलंगाच्या दांडीला धरून उभी राहायची, बोलायची नाही, हातानंच "थांब" अशी खूण करायची. डॉक्टरांनी पंप वाढवून दिला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, की अजून एक मोठा झटका आला तर तो झेपणार नाही. ही हवा तिच्या आत जाता कामा नये. शक्य असेल तर दुसरीकडे हलवा.

दुसरीकडे म्हणजे दादाकडे. दादा फोनवर म्हणाला, महिनाअखेरीस येतो आणि आईला घेऊन जातो. पण त्याचं घर म्हणजे दोन खोल्या, वहिनी, मुलं. जागा एकीचीच होती. बाबा इथेच राहणार, हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना कळलं. आई त्या दिवशी काजं करता करता म्हणाली, "आणि यांचं दूध नासलंय हे यांना कोण सांगणार?"

 बाबा उठून खिडकीपाशी गेले. ती खिडकी त्यांनीच लग्नानंतर केलेली, पण लाकूड आटून तिला जागोजाग फटी पडल्या होत्या. त्यांनी शर्टाच्या खिशातून कागदाचा तुकडा काढला, खिडकी बंद करून फटीत धरला आणि सोडला. कागद आपोआप खाली पडला. "मी खिडकी करतो," ते म्हणाले. "तू कुठे जाऊ नकोस."

आता त्या कागदाचं सांगायला हवं. बाबांना त्यांच्या धंद्यात कागदमिस्त्री म्हणत. दार असो वा खिडकी, बसवून झाली की ते झडपेत कागद धरून ती बंद करत आणि गिऱ्हाइकाला म्हणत, ओढा. कागद फाटायचा, पण निसटायचा नाही. निसटला तर बाबा मजुरी घेत नसत. अशी वेळ आल्याचं मला आठवत नाही. पण ती गोष्ट जुनी. काम सोडून वर्षं झाली होती, हातांना कंप आला होता आणि हत्यारं पलंगाखाली गंजत पडली होती.

त्यांनी हत्यारं काढली. कुठल्याशा पाडलेल्या इमारतीच्या दाराचं जुनं, मुरलेलं लाकूड मिळवलं आणि घराबाहेरच्या बोळात रंधा मारायला बसले. आईच्या छातीला भुसा नको म्हणून आतल्या बाजूला चादर टांगली. मला आधी वाटलं, म्हाताऱ्याचा चाळा आहे, दोन दिवसांत दमतील. पण हात कामाला लागल्यावर कंप कुठे गेला देव जाणे. सकाळी माझ्या आधी उठायचे. दाढी करायला लागले. एकदा तर शीळ वाजवताना ऐकलं. आई चादरीआडून विचारायची, "झालं का हो मिस्त्री?" आणि ते बोळातून उत्तर द्यायचे की गिऱ्हाइकानं घाई केली तर काम बिघडतं. एवढी वर्षं संसार केलेली ही दोन माणसं अशी बोलायची की मला उठून दुसऱ्या खोलीत जावंसं वाटायचं.

खिडकी बसली. बाबांनी कागद झडपेत धरला, ती लावली आणि आईला म्हणाले, ओढ. आईनं ओढला. अर्धा तिच्या हातात आला, अर्धा खिडकीत राहिला. ती हसली, हसता हसता खोकली, आणि खोकला थांबल्यावर पुन्हा हसली.

संध्याकाळी मी घरी आले तर खोली शांत होती. ट्रक होते, पण कुणा दुसऱ्याच्या घराखाली असल्यासारखे. मी मुद्दाम कट्ट्यावर पांढरा रुमाल पसरून ठेवला होता, तो सकाळीही पांढराच होता. त्या आठवड्यात आई कित्येक दिवसांनी आडवी होऊन झोपली. मी तिच्याकडे बघत बसले. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. बाबांनी दादाला फोन करून सांगितलं, की येऊ नकोस, तिकिटं रद्द कर. फोन ठेवताना म्हणाले, "हवा बाहेर ठेवली मी."

फक्त पॉलिश राहिलं होतं. बाबा म्हणायचे, बिनपॉलिशचं लाकूड म्हणजे अंघोळ करून टॉवेल विसरलेला माणूस. ते चांगल्या, मोकळ्या दिवसाची वाट बघत होते. पण तसा दिवस उजाडेना. उलट धूर खाली उतरला आणि बसूनच राहिला. समोरची धुराडी दिसेनाशी झाली, शाळा बंद ठेवल्या, ट्रक दिवसा दिवे लावून चालू लागले. त्या ओलसर गारठ्यात उघडं लाकूड पाणी पिऊ लागलं. झडप थोडी घासायला लागली. अजून आठ-दहा दिवस गेले असते तर लाकूड फुगून चौकट वाकडी झाली असती आणि सगळं मुसळ केरात. म्हणून एका सकाळी, मी कामावर गेल्यावर, बाबांनी पॉलिशचा डबा उघडला.

तेव्हा काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं, पण क्रमानं सांगते. ओल्या पॉलिशवर धूळ बसली की काम गेलं. एक काळा कण चिकटला तरी तो कायमचा. त्यामुळे बाबांनी खिडकी घट्ट लावली. बोळातून काजळी येईल म्हणून दार लावलं आणि त्याच्या खालच्या फटीला ओला टॉवेल लावला. आईला मागच्या खोलीत पाठवायचा विचार त्यांनी केला होता. पण मागच्या खोलीची खिडकी फटींची. घरातली सगळ्यात चांगली हवा पुढच्याच खोलीत, तीही त्यांनी स्वतः केलेली. म्हणून त्यांनी तिला मुद्दाम तिथेच ठेवलं. ती स्टुलावर काजं करत बसली आणि ते तिच्याशेजारी उभे राहून पॉलिश मारत राहिले. त्यांच्या नाकाला त्यातलं काहीच कळत नव्हतं.

दुपारी दुकानात शेजारणीचा फोन आला. मी चालू इस्त्री तशीच टाकून धावले. दार उघडलं आणि थोबाडीत बसावी तसा तो वास नाकात गेला. डोळे झोंबले. आई स्टुलावरून पलंगावर आली होती, गुडघ्यांवर हात रोवून पुढे वाकलेली, ओठ निळे, गळ्याच्या शिरा तटतटलेल्या. बाबा एका हातात पंप आणि दुसऱ्या हातानं तिची पाठ चोळत होते. मी आधी खिडकीकडे गेले. "उघडू नकोस," बाबा म्हणाले, "धूर येईल तिला." मी उघडली. धूर आला.

हॉस्पिटलात त्या दिवशी बाकांवर जागा नव्हती. सगळी म्हातारी माणसं, सगळी पुढे वाकून बसलेली, आणि प्रत्येकाजवळ एक मुलगी नाहीतर सून पिशवी धरून उभी. बाबांना औषधं आणायला खालच्या खिडकीवर पाठवलं होतं. डॉक्टरांनी आईच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि मला विचारलं, "घरात रंग, फवारा, पॉलिश, असं काही झालं का आज?" मी सांगितलं. सांगायलाच हवं होतं. त्यांनी मान हलवली आणि नर्सला काहीतरी लिहायला सांगितलं. पुढच्या पलंगाकडे जाता जाता, "अशा छातीला ते विषच," असं हळू म्हणाले.

आईनं माझं मनगट धरलं. तोंडावर मास्क होता, तो तिनं बाजूला केला. मी परत लावला, तिनं परत बाजूला केला.

"त्यांना नको सांगूस," ती म्हणाली.

"तुला वास आला नाही का गं?"

"आला की."

"मग बोलली का नाहीस?"

ती बराच वेळ नुसता श्वास जमवत राहिली. "त्यांनी विचारलं होतं," ती म्हणाली. "वास येतो का म्हणून. मी नाही म्हटलं."

मला भयंकर राग आला. का, असं मी विचारलं असावं. ती म्हणाली, "किती वर्षांनी हात चालला होता त्यांचा. मध्येच कुठे थांबवायचं?" मग पुन्हा मनगट दाबलं. "एवढं एक कर माझं. जिभेला हाड लाव."

मी हो म्हटलं. बाबा औषधांची पिशवी घेऊन आले तेव्हा तिनं मास्क नीट लावून घेतला होता.

ती घरी आली नाही. थोडे दिवस मशीनवर होती, मग मशीननंही हात टेकले. दादा-वहिनी आले, माणसं आली, बसली, वय झालं होतं म्हणाली, हवाच वाईट म्हणाली, आणि गेली. दादानं बाबांना बरोबर नेण्याबद्दल विचारलं. बाबा म्हणाले, माझ्या छातीला काही झालेलं नाही. दादाही गेला. मी कामावर जायला लागले. धूर तसाच होता. बोर्ड दुरुस्त केला होता, तो पुन्हा लाल झाला होता.

एका सुट्टीच्या दिवशी मी भांडी घासून पुढच्या खोलीत आले तर बाबा खिडकीशी उभे होते आणि त्यांच्या पायांशी कागदाचे तुकडे पडलेले. जुन्या कॅलेंडरच्या पट्ट्या कापून ते एकेक पट्टी झडपेत धरत होते, खिडकी लावत होते, ओढत होते. वरून, खालून, बिजागरीच्या बाजूनं. प्रत्येक पट्टी फाटत होती. एकही निसटत नव्हती.

"कुठून आली गं हवा?" त्यांनी मला विचारलं. "सगळीकडे बघितलं. कुठून तरी आलीच असणार. नाहीतर तिला एवढं का व्हावं?"

मी ओल्या हातांनी तशीच उभी राहिले. खरं सांगितलं तर ते उरले नसते. खोटं सांगितलं तर त्यांच्या आयुष्यातली एकमेव वाईट खिडकी नेमकी आईच्या वाट्याला आलेली, असं ठरणार होतं. दोन्हीकडून मार होता. मी त्यातला हलका निवडला. आईला दिलेला शब्दही होताच. "खालच्या डाव्या कोपऱ्यात असेल थोडी फट," मी म्हटलं. "मला तिथून गार लागायचं कधीकधी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंड एकदम उतरलं, पण खांदे सैल झाले. कुठे चुकलं ते तरी कळलं, असं काहीसं. मग खाली बसून त्यांनी तो कोपरा बोटांनी चाचपला. तिथे काहीही नव्हतं. पण ते म्हणाले, "हो, आहे खरी इथे."

दोन दिवस त्यांनी त्या कोपऱ्यावर काम केलं. चांगलं, घट्ट बसलेलं लाकूड पटाशीनं कोरून काढलं आणि तिथे दुसरी पातळ पट्टी बसवली. मी बघत होते. धड असलेली गोष्ट मोडून ते ती दुरुस्त करत होते आणि ते माझ्यामुळे करत होते. शीळ वाजत नव्हती, पण हात चालत होता. आई म्हणाली होती ते मला तेव्हा कळलं. तो हात चालताना मध्ये बोलणं खरंच अवघड होतं.

नव्या पट्टीला पॉलिश हवं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरीच होते. आईच्या स्टुलावर बसून उरलेल्या काजांचा गठ्ठा सोडवत होते, शिंप्याला परत द्यायचा म्हणून. बाहेर धुरात ट्रकांचे दिवे पिवळे दिसत होते. बाबांनी खिडकी लावली, दार लावलं, टॉवेल ओला करून खाली सारला आणि डब्याचं झाकण काढलं. मला तेव्हाच उठायला हवं होतं. पण मी एका काजाचा गुंता सोडवत होते. शिवाय उठून गेले तर ते का म्हणून विचारतील, अशी धास्ती वाटली. बसून राहिले. डोळे चुरचुरायला लागले. घशात खवखवलं. ते कोपऱ्यात वाकून, चिंधीचा बोळा हळूहळू फिरवत होते. एकेका रेघेशी जीव लावून.

मग न वळता, रोजच्या सवयीनं त्यांनी विचारलं, "वास येतो का गं?"

"येतो का म्हणजे?" मी वसकले. "डोळ्यांतून पाणी आलंय माझ्या, डोकं भणभणतंय. उघडा की ती खिडकी."

बोलून गेले आणि मग ऐकलं मी काय बोलले ते.

बाबांचा हात थांबला. ते तसेच वाकलेले राहिले. चिंधीतून पॉलिशचा एक थेंब खाली फरशीवर पडला, त्यांनी तो पुसला नाही. मग त्यांनी सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मी बसले होते त्या स्टुलाकडे, मग लावलेल्या दाराकडे आणि खालच्या टॉवेलकडे. सुतारमाणूस. माप घ्यायला त्यांना कधी वेळ लागला नव्हता.

"तिला येत नव्हता," ते म्हणाले.

मी गप्प बसले. आता गप्प बसून काही उपयोग नव्हता, तरी बसले. काहीतरी म्हणायला हवं होतं, की वास वेगळा होता, डबा वेगळा होता, काहीही. आयुष्यभर तोंडातून पळत सुटणाऱ्या शब्दांतला त्या वेळी एकही पुढे येईना. बाबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले आणि मी काही बोलत नाही हे बघता बघता त्यांना सगळं कळलं.

त्यांनी डब्यावर झाकण ठेवलं आणि तळहातानं दाबून घट्ट बसवलं. उठून खिडकीच्या कडीला हात घातला. बाहेर तो करडा धूर काचेला टेकून उभा होता. त्यांनी कडी उघडली नाही, हातही काढला नाही.

"मी दोनदा विचारलं होतं," ते म्हणाले. "पहिला हात वाळल्यावर पुन्हा विचारलं. म्हटलं, वास येत असेल तर राहू दे, उद्या करतो. आणि विचारलं, दुसरा हात देऊ का आता?"

मी स्टुलावरून उठले आणि त्यांच्याजवळ गेले. ते काचेकडेच बघत पुढे बोलले.

"द्या की, म्हणाली."